‘नाही’ म्हणण्याचा हक्क

आज्ञापालन हा सद्गुण आहे, असा संस्कार आपणा सर्वांवर लहानपणापासून झालेला आहे. घरात वडीलधाऱ्यांचे ऐकावे, शाळेत गुरुजींचे, कचेरीत साहेबांचे आणि दवाखान्यात डॉक्टरांचे, ही शिकवण घेऊनच आपल्या मागच्या पिढ्यांनी मुंबईच्या रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत व सैन्यात इमानेइतबारे नोकऱ्या केल्या. ती शिकवण वाईट होती असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु आज्ञापालनालाही एक सीमा असते आणि ती आपण ओलांडली हे माणसाला पुष्कळदा ओलांडून झाल्यावरच कळते. या सीमेचा शोध घेण्यासाठी मानसशास्त्राच्या इतिहासात एक प्रयोग झाला. तो जितका गाजला तितकाच वादग्रस्त ठरला. कारण माणूस दुसऱ्याला कोठवर छळू शकतो हे पाहता पाहता त्या प्रयोगाने स्वखुशीने आलेल्या माणसांनाच छळले, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. त्या प्रयोगाची हकीकत सांगून, ज्ञानासाठी माणसावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणाला व किती, या प्रश्नाचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

यरुशलेम आणि न्यू हेवन

११ एप्रिल १९६१ रोजी यरुशलेम येथे आडोल्फ आइखमान याच्यावरील खटल्यास प्रारंभ झाला. लक्षावधी यहुद्यांना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठविण्याची व्यवस्था पाहणाऱ्या या अधिकाऱ्याने आपल्या बचावासाठी जे म्हटले त्याचा मथितार्थ एवढाच होता, की आपण हुकमाचे ताबेदार होतो. वरून आज्ञा आली, ती पाळली. भारतातून आलेल्या आपल्या समाजाने युरोपातील तो संहार स्वतःच्या देहाने भोगलेला नाही. तथापि इस्राएलात आल्यावर शेजाऱ्याच्या हातावर गोंदलेला क्रमांक ज्यांनी पाहिला, त्यांना ‘हुकमाचे ताबेदार’ हे शब्द किती भयंकर आहेत ते निराळे सांगावयास नको.

इस्राएलच्या न्यायासनाने या सबबीचा विचार आधीच केलेला होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये कफर कासिम या अरब खेड्यातील चाळीसहून अधिक माणसे, संचारबंदी लागू झाल्याचे ठाऊक नसताना कामावरून घरी परतत असता, सीमा पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. त्या खटल्याचा निकाल १९५८ मध्ये लागला. उघडउघड अन्यायाच्या हुकमावर जणू काळे निशाण फडकत असते आणि असा हुकूम सैनिकाने पाळता कामा नये, असे तत्त्व न्यायाधीश बिन्यामीन हालेवी यांनी त्या निकालात घालून दिले. हेच हालेवी पुढे आइखमानचा न्याय करणाऱ्या तिघा न्यायाधीशांपैकी एक होते. माणसाने कोणत्या क्षणी ‘नाही’ म्हणावे हे कायद्याने अशा रीतीने सांगितले. परंतु प्रत्यक्ष वेळ आली असता सामान्य माणूस ‘नाही’ म्हणतो काय, हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न अमेरिकेतील येल विद्यापीठात एका तरुण प्राध्यापकाने केला. स्टॅन्ली मिल्ग्रॅम हे त्याचे नाव. हंगेरी व रुमानिया या देशांतून आलेल्या यहुदी आईबापांच्या पोटी १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा जन्म झाला. आइखमानचा खटला चालू होता त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, न्यू हेवन शहरी, त्याने आपला प्रयोग सुरू केला.

प्रयोगाची मांडणी

स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी स्वयंसेवक हवे आहेत, तासाभराच्या कामाचे ४ डॉलर व येण्याजाण्याचे अर्धा डॉलर मिळतील, अशा आशयाची जाहिरात वर्तमानपत्रात देण्यात आली. जाहिरात वाचून आलेले लोक तुमच्याआमच्यासारखेच होते. टपाल कारकून, शिक्षक, विक्रेते, मजूर. प्रत्येकाची गाठ आणखी एका ‘स्वयंसेवका’शी घालून दिली जाई. चिठ्ठ्या टाकून एकाने शिक्षक व दुसऱ्याने विद्यार्थी व्हावयाचे ठरे. वास्तविक दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ हेच लिहिलेले असे. कारण तो दुसरा गृहस्थ प्रयोगकर्त्याचाच माणूस होता.

विद्यार्थ्याला शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधले जाई. शिक्षकापुढे ३० कळांचे एक यंत्र असे. पहिली कळ १५ व्होल्टची, शेवटची ४५० व्होल्टची. विद्यार्थ्याने शब्दांच्या जोड्या चुकविल्या की त्यास विजेचा झटका द्यावयाचा आणि दर चुकीला एक कळ पुढे सरकावयाचे. यंत्र खरे वाटावे म्हणून शिक्षकाला स्वतःला ४५ व्होल्टचा एक झटका आधी दिला जाई. तेवढाच काय तो झटका खरा. विद्यार्थ्याला वस्तुतः काहीच इजा होत नव्हती. परंतु शिक्षकाला हे ठाऊक नव्हते. पहिल्या प्रकाशित प्रयोगात ३०० व्होल्टच्या कळेनंतर तो भिंतीवर धडका मारल्याचा आवाज येई आणि त्यापुढे लवकरच पलीकडे सारे शांत होई. नंतरच्या काही प्रयोगांत विव्हळणे आणि सोडविण्यासाठी केलेल्या विनवण्याही ऐकू येत.

शिक्षक घुटमळू लागला की करड्या रंगाचा कोट घातलेला प्रयोगकर्ता त्यास शांतपणे पुढे चला म्हणे. दुसऱ्यांदा सांगे, की प्रयोगासाठी हे आवश्यक आहे. तिसऱ्यांदा, की हे अत्यावश्यक आहे. आणि चौथ्यांदा, की तुम्हाला दुसरा पर्यायच नाही. या चार वाक्यांपलीकडे कोणतीही जबरदस्ती नव्हती. दार उघडे होते, आणि प्रयोगशाळेत आल्याबद्दलचे पैसे काहीही झाले तरी आपलेच, हेही प्रत्येकाला आधी सांगितलेले होते.

अखेरच्या कळेपर्यंत किती लोक जातील, असे मिल्ग्रॅमने मनोविकारतज्ज्ञांना विचारले होते. हजारात एखादाच, असा त्यांचा अंदाज होता. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वृत्तान्तात ४० पुरुषांपैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले!

ते दगडाच्या काळजाचे होते असे मात्र नव्हे. ते घामाने निथळत होते, त्यांची बोबडी वळत होती, ओठ चावले जात होते. १४ जणांना अस्वस्थतेमुळे हसू आवरेना. तिघांना तर अंगाला झटके येऊ लागले. हे चूक आहे असे त्यांना वाटत होते, तसे ते बोलतही होते, आणि तरीही त्यांचा हात पुढच्या कळेकडे जात होता.

प्रयोगाची मांडणी बदलून पाहिल्यावर जे आढळले ते आम्हास अधिक बोधप्रद वाटते. प्रयोगकर्ता खोलीत नसून दूरध्वनीवरून हुकूम देऊ लागला, तेव्हा अखेरपर्यंत जाणारे सुमारे पाचवा हिस्सा उरले. आणि शिक्षकाशेजारी बसविलेल्या दोन सहकाऱ्यांनी (हेही प्रयोगकर्त्याचेच लोक) एकामागून एक काम करण्यास नकार दिला, तेव्हा ४० पैकी अवघे ४ जण शेवटच्या कळेपर्यंत पोहोचले. एकट्याला जे ‘नाही’ ओठावर आणता येत नव्हते, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताच बहुतेकांना सुचले.

आक्षेप आणि उत्तर

वृत्तान्त प्रसिद्ध झाल्यावर वर्षभरातच, १९६४ मध्ये, डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर कडक टीका केली. प्रयोगशाळेत आलेला माणूस शास्त्रज्ञावर विश्वास टाकून आलेला असतो. त्याच विश्वासाचा लाभ घेऊन त्याला फसवावयाचे, त्याच्याकडून लज्जास्पद कृत्य करवून घ्यावयाचे आणि स्वतःविषयीच्या त्याच्या कल्पनेला तडा जाऊ द्यावयाचा, हे कोणत्या न्यायाने, असा त्यांच्या टीकेचा आशय होता.

मिल्ग्रॅमने उत्तर दिले, की प्रयोगानंतर प्रत्येकाची विद्यार्थ्याशी भेट घडवून समेट केला जाई, पुढे सर्वांना लेखी अहवाल पाठविण्यात आला आणि चौकशी करता शेकडा ८४ जणांनी भाग घेतल्याबद्दल समाधान व्यक्त केले. पश्चात्ताप वाटणारे शेकडा दोघेही नव्हते. उत्तर वरकरणी बिनतोड वाटते. परंतु गीना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेने येल येथील मूळ कागदपत्रे व ध्वनिफिती तपासून २०१३ साली अमेरिकेत जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात निराळेच चित्र दिसते. झटके खोटे होते ही गोष्ट अनेकांना त्या दिवशी सांगितलीच गेली नव्हती. आपण एका माणसाला जबर इजा केली असे समजून ते घरी गेले आणि खरी हकीकत त्यांना पुष्कळ काळाने पत्राद्वारे कळली. प्रयोगकर्ता ठरलेल्या चार वाक्यांवर थांबत नव्हता, असेही ध्वनिफितींवरून दिसून आले; आणि काहींना झटक्यांच्या खरेपणाची शंका आलेली होती. तेव्हा शेकडा ६५ हा आकडा वेदवाक्य मानून चालणे योग्य नव्हे. इतके मात्र निश्चित, की पुष्कळ सामान्य माणसे आपल्या इच्छेविरुद्ध फार दूरवर गेली आणि त्यांना तेथवर नेणाऱ्याने त्यांची पूर्ण काळजी घेतली नाही.

येथे एक विलक्षण विसंगती आमच्या ध्यानात येते. नाझी डॉक्टरांनी छावण्यांतील बंदिवानांवर जे अमानुष प्रयोग केले, त्यांबद्दल न्यूरेंबर्ग येथे २३ जणांवर खटला चालला आणि ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल देताना न्यायालयाने मानवी प्रयोगांसाठी दहा नियम सांगितले. त्यांतील पहिला नियम असा, की माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती ही अगदी अपरिहार्य होय. नवव्या नियमाने भाग घेणाऱ्याला, पुढे जाणे अशक्य वाटल्यास, प्रयोग थांबविण्याची मोकळीक दिली. मिल्ग्रॅमचा प्रयोग त्यानंतर १४ वर्षांनी, त्याच संहाराचे कोडे उलगडावे म्हणून झाला. त्यात लोकांनी संमती दिली ती स्मरणशक्तीच्या अभ्यासाला. आणि उठून जाऊ पाहणाऱ्यास सांगितले गेले, की तुला पर्याय नाही. जो हक्क त्या संहाराच्या राखेतून माणसाला मिळाला होता, तोच हक्क त्या संहाराचा अभ्यास करताना झाकून ठेवला गेला.

तळघरातील तुरुंग

पुढे ऑगस्ट १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका तळघरात प्राध्यापक फिलिप झिंबार्डो यांनी नकली तुरुंग उभारला. रोजी १५ डॉलर देऊन निवडलेल्या २४ तरुणांपैकी काहींना पहारेकरी व काहींना कैदी करण्यात आले. दोन आठवडे चालावयाचा प्रयोग पहारेकऱ्यांच्या छळामुळे सहाव्या दिवशी बंद करावा लागला. क्रिस्टिना मास्लाक या तरुण विदुषीने तो प्रकार पाहून झिंबार्डो यांना खडसावले आणि मग ते भानावर आले. अधिकार हाती येताच माणूस आपोआप क्रूर होतो, असा याचा निष्कर्ष वर्षानुवर्षे शिकविला गेला. परंतु पहारेकऱ्यांनी कठोर वागावे अशी सूचना त्यांना वरूनच मिळालेली होती, हे फ्रेंच संशोधक तिबो ल तेक्सिए यांनी कागदपत्रांच्या आधारे २०१८–१९ मध्ये दाखवून दिले.

त्या प्रयोगातील एका प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सुटकेचा विचार करणाऱ्या एका नकली मंडळापुढे कैद्यांना उभे करून विचारले गेले, की मिळालेली रोजी सोडून देण्याची अट घातली तर तुम्ही बाहेर जाल काय? बहुतेकांनी होय म्हटले. मग त्यांना कोठडीत परत जाण्यास सांगण्यात आले आणि ते मुकाट्याने परत गेले! पैशासाठी आलेल्या माणसाने पैसा नको म्हटले, त्याच क्षणी त्याला तेथे धरून ठेवणारे काही उरले नव्हते. मी हा चाललो, एवढेच म्हणावयाचे होते. परंतु आपल्याला तसे म्हणता येते याचाच त्यांना विसर पडला होता. आणि त्याची आठवण देणे ज्यांचे कर्तव्य, ते शास्त्रज्ञ स्वतःच तुरुंगाचे अधिकारी होऊन बसले होते.

कायदा जागा झाला

अमेरिकेतील कायदा जागा होण्यास एक वैद्यकीय प्रकरण कारण झाले. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीय उपदंशाच्या रोग्यांवर, रोग कसा वाढतो ते पाहण्यासाठी, १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी खात्याने नजर ठेवली आणि गुणकारी औषध निघाल्यावरही ते त्यांना दिले नाही. हे उघडकीस येताच १९७४ मध्ये कायदा झाला आणि १९७९ मध्ये बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वे सांगितली: माणसाचा मान राखावा, त्याचे हित पाहावे आणि प्रयोगाचा भार व लाभ न्यायाने वाटावा. मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेनेही १९७३ मध्ये आपल्या सभासदांसाठी याविषयीची सविस्तर तत्त्वे प्रसिद्ध केली होती. आता कोणताही प्रयोग करण्यापूर्वी तटस्थ समितीची मान्यता घ्यावी लागते.

या नियमांमुळे ज्ञानाची वाट बंद झाली, असे काही शास्त्रज्ञांचे गाऱ्हाणे असते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. आधी सर्व सांगून टाकले तर आज्ञाधारकपणाची परीक्षा कशी व्हावी? परंतु जेरी बर्गर या मानसशास्त्रज्ञाने २००६ साली यातून मार्ग काढला. मूळ प्रयोगाच्या एका प्रकारात विद्यार्थी १५० व्होल्टला प्रथमच सोडा म्हणून ओरडे, आणि ती पायरी ओलांडणाऱ्यांपैकी शेकडा ७९ जण अखेरपर्यंत जात. म्हणून बर्गरने त्याच पायरीवर प्रयोग थांबविला. मनाने दुबळी असणारी माणसे आधीच वगळली. केव्हाही उठून जा, ५० डॉलर तुमचेच, असे निदान तीनदा सांगितले. आणि काम संपताच काही क्षणांत झटके खोटे असल्याचे उघड केले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शेकडा ७० जण १५० व्होल्टच्या पुढे जाण्यास तयार होते. थोडी फसवणूक येथेही होती. पण परतीची वाट उघडी ठेवूनही काम भागते, हे सिद्ध झाले. आणखी एक गोष्ट दिसली. तुम्हाला दुसरा पर्याय नाही, हे चौथे वाक्य ज्यांना ऐकवावे लागले, त्यांपैकी एकही जण पुढे गेला नाही. विज्ञानासाठी हे जरूर आहे, असे गोडीने सांगितले तोवर माणसे चालत राहिली. उघड हुकूम होताच ती थबकली. तेव्हा दरडावणाऱ्यापेक्षा गोडीने समजूत घालणाऱ्यापुढे ‘नाही’ म्हणणे अधिक कठीण असावे, असे आम्हास वाटते.

आपल्या घरापर्यंत

वाचकहो, हा विषय अमेरिकेतील विद्यापीठांपुरता नाही. जागतिक वैद्यक संघटनेने १९६४ मध्ये हेलसिंकी येथे मानवी प्रयोगांविषयी जे घोषणापत्र काढले, त्याच्या आधारे इस्राएलात १९८० साली नियम करण्यात आले. म्हणूनच येथील इस्पितळांत प्रयोगांना मान्यता देणाऱ्या मंडळाला ‘हेलसिंकी समिती’ म्हणतात. आपली विद्यापीठात जाणारी मुले मानसशास्त्राच्या प्रयोगांत भाग घेतात. आपले वृद्ध आईवडील इस्पितळात गेले असता नव्या औषधाच्या चाचणीसाठी त्यांच्यापुढे हिब्रू भाषेतील संमतिपत्र ठेवले जाऊ शकते. ज्या पिढीचे वाचन मराठीत झाले आणि जिला साहेबांपुढे व डॉक्टरांपुढे प्रश्न विचारण्याची सवय नाही, ती पिढी ‘डॉक्टर सांगतात ते योग्यच असेल’ म्हणून सही करून मोकळी होते. न समजता केलेली सही ही संमती नव्हे. ते नुसते आज्ञापालन होय.

याचा अर्थ प्रयोगांत भाग घेऊ नये असा कोणी करू नये. आज आपण जी औषधे घेतो ती कोणीतरी स्वतःच्या देहावर चाचणी होऊ दिली म्हणून आपणापर्यंत आली, आणि मिल्ग्रॅमच्या दाराशी गेलेल्या त्या कारकुनांमुळे व मजुरांमुळे माणसाच्या मनाविषयी आपण काही शिकलो. हे ऋण मानलेच पाहिजे. परंतु देणाऱ्याने जाणून दिले तरच ते दान; न कळत काढून घेतले तर ती लूट. यास्तव सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. हा प्रयोग कशासाठी आहे? यात मला कोणता त्रास वा धोका संभवतो? समितीची मान्यता आहे काय? आणि मध्येच सोडावेसे वाटल्यास माझ्या उपचारांवर वा गुणांवर काही परिणाम होईल काय? कागद घरी नेऊन वाचण्यास वेळ मागावा. हिब्रू चांगले जाणणाऱ्या मुलाला वा नातवाला सोबत घ्यावे. कारण शेजारी कोणीतरी बोलणारे असले म्हणजे आपल्यालाही बोलण्याचे धैर्य येते, हे न्यू हेवनच्या त्या ४० जणांनी दाखवून दिलेच आहे.

आपल्या मुलांना आपण मोठ्यांचा मान राखण्यास शिकवितो, आणि तसे शिकवीत राहावे. त्याच्याच जोडीला एवढेही शिकवावे, की समोरचा कितीही विद्वान असो, त्याचा कोट कोणत्याही रंगाचा असो, आपल्या सदसद्विवेकबुद्धीला न पटणारे काम पुढे ढकलताना नम्रपणे थांबता येते. ‘माफ करा, मला हे करावयाचे नाही’ हे वाक्य मराठीत, हिब्रूत वा इंग्रजीत, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलण्याची सवय घरातल्या लहानसहान गोष्टींपासून लागली पाहिजे. ती सवय नसलेला माणूस दुसऱ्याचा छळ करण्यास जितका सहज तयार होतो, तितकाच सहज स्वतःचा छळही करून घेतो.